सैल झाकण

मास्टरबाईचे हात दुखतात ही बातमी गल्लीभर व्हायला एक सकाळ पुरली, आणि दुपारपासून औषधं यायला लागली.

इस्त्रीवाला म्हणाला, बटाटा खिशात ठेवा, दुखणं शोषून घेतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तांब्याचं कडं आणून दिलं. त्यानं मनगट हिरवं झालं, सूज होती तशीच राहिली. कारखान्यात काज-बटण करणारीनं टोमॅटो सोडायला सांगितले, तिच्या शेजारच्या मशीनवालीनं टोमॅटो वाढवायला सांगितले, आणि त्यावरून दोघींचं असं वाजलं की कितीतरी दिवस त्या एकमेकींना दोरासुद्धा देईनात. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थानं तिची बोटं निरखून अनवाणी चालायचा सल्ला दिला आणि स्वतः बूट वाजवत उतरून गेला. "माझ्या मावसजावेला अगदी हेच होतं," असं कुणी सुरू केलं की पुढचं सगळं तिला पाठ असे. या मावसजावा झाडून साऱ्या बऱ्या झालेल्या होत्या आणि आता धडाधड जिने चढत होत्या. एखादी तरी मावसजाऊ अजून कण्हतेय असं कुणी सांगितलं असतं, तर तिला केवढा धीर आला असता!

मास्टरबाई हे कारखान्यातलं नाव. हॉस्पिटलांचे आणि हॉटेलांचे गणवेश शिवणारा तो लहानसा कारखाना; त्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम तिचं. लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे फर्मे मांडायचे, खडूनं रेघा ओढायच्या आणि मोठ्या कात्रीनं एका दमात कापत जायचं. त्या कात्रीवर तिचं घर चालत होतं, आणि खरं सांगायचं तर तिचा तोराही. म्हणून एका सकाळी अंगठा कात्रीच्या कडीत शिरेना, तेव्हा ती आधी कात्रीवरच चिडली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की हा संधिवात साधा नव्हे, सांधे आतून पोखरणारा आहे. जन्माचा सोबती आहे, पण लगाम घालता येईल. रोजच्या काही गोळ्या आणि आठवड्यातून एकदा घ्यायची एक मोठी गोळी. ती मोठी घेतली की दुसऱ्या दिवशी पोटात असं ढवळायचं की कापडाचा वासही नको व्हायचा. पण तिनं गोळी सोडली नाही.

सल्ले देणाऱ्यांशी सुरुवातीला तिनं वाद घालून पाहिला. मग समजावून सांगून पाहिलं. एकदा तर रडूनही पाहिलं. त्यावर रडणं सांध्यांना वाईट असतं असा सल्ला मिळाला. मग एका दमलेल्या संध्याकाळी इस्त्रीवाल्यानं विचारलं, "ठेवताय ना बटाटा?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "ठेवते की. फरक वाटतोय."

इस्त्रीवाल्याचा चेहरा उजळला. पुढे एक शब्द नाही! त्यानं कपडे दिले आणि तो कामाला लागला. मास्टरबाई घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होती. कारखान्यात पुठ्ठ्याचा एक फर्मा नीट कापला की त्यावर शेकडो झगे निघतात. तसा हा फर्मा तिला सापडला होता. कडंवालीला सांगितलं, फरक वाटतोय; दोन्ही टोमॅटोवालींना सांगितलं, फरक वाटतोय. सगळे खूश, आणि ही मोकळी. यात कुणाचं काही बिघडतंय असं तिला वाटलं नाही, आणि बाकीच्यांपुरतं ते खरंही होतं.

घात झाला तो वन्संपाशी.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. वन्संचा स्वतःचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकट्या राहायच्या आणि बेकरीत केकवर नावं लिहायच्या. हे काम दिसतं सोपं, पण करून बघावं. कागदाच्या कोनात साखरेचं क्रीम भरायचं, वरून मुठीनं दाब द्यायचा, दाब कमी-जास्त झाला की अक्षराचा लोळागोळा. वन्संचं अक्षर असं की लोक केक कापताना नावाच्या कडेकडेनं सुरी घालायचे.

दुखणं नवीन होतं, गोळ्या अजून लागू पडल्या नव्हत्या, तेव्हा याच वन्सं रोज बेकरीत जायच्या आधी येऊन मास्टरबाईची वेणी घालून द्यायच्या, ब्लाउजची बटणं लावून द्यायच्या. त्याचा कधी उच्चार नाही. उलट म्हणायच्या, "मला मुलगी नाही ना, हौस फेडून घेते." एकदा बटणं लावताना मास्टरबाईला लाजेनं हुंदका फुटला, तर वन्संनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाल्या, "पोरी, रडायला काय झालं, बटणंच आहेत ती!"

अशा माणसानं एक दिवस काढ्याची बाटली आणली. कुठला तरी पाला आणि मुळ्या, पहाटे उठून खलात कुटायच्या, मंद आचेवर आटवायच्या. बेकरीतल्या कुणाच्या तरी आईला गुण आला होता. "आणि हे बघ," वन्सं म्हणाल्या, "याच्याबरोबर त्या हॉस्पिटलच्या गोळ्या चालत नाहीत म्हणे. सोडशील ना?"

पहिली बाटली मास्टरबाईनं घेतली. कडूजहर. गोळ्यांनी आधीच खवळलेलं पोट आणखी खवळलं. पुढच्या रविवारी वन्सं दुसरी बाटली घेऊन दारात उभ्या. पदराला पाल्याचा वास, चेहऱ्यावर आशा मावत नव्हती.

"काय गं? काही वाटतंय?"

"फरक वाटतोय," मास्टरबाई म्हणाली.

"आणि गोळ्या?"

"सोडल्या."

त्या रविवारपासून बाटल्या मोरीत जायला लागल्या. नवरा ते बघायचा. तो वायरमन, कमी बोलणारा माणूस, पण एकदा न राहवून म्हणाला, "सांगून टाक की ताईला."

"तुम्ही सांगा. तुमची बहीण."

"मी? लहानपणी तिनं मला काय काय पाजलंय. मी आजवर बोललो नाही, आता काय बोलू?"

दोघंही हसले, आणि तो विषय हसण्यावारी गेला. मोरीत मात्र एक तपकिरी डाग पडला, तो कितीही घासला तरी निघेना. ती तिथे भांडी घासायला बसली की नजर त्या डागावर पडायची आणि मनात काहीतरी टोचायचं. तेवढ्यापुरतंच.

मग गोळ्यांनी आपलं काम केलं. सूज ओसरली, अंगठा कडीत शिरला, कात्री चालू लागली. वन्संना आभाळ ठेंगणं झालं. त्या घरी येणाऱ्या प्रत्येकासमोर तिचा हात धरून म्हणायच्या, "मूठ मिटून दाखव गं." ती मूठ मिटून दाखवायची. "आता उघड." ती उघडायची. शेजारणी माना डोलवायच्या. "एक गोळी नाही हो," वन्सं सांगायच्या, "सगळ्या सोडल्या हिनं. नुसत्या काढ्यावर!" त्या वेळी मास्टरबाई जमिनीकडे बघत असायची आणि लोक म्हणायचे, किती नम्र आहे.

पुढे बाटलीत एक फरक पडला. वन्संची बाटली नेहमी अशी गच्च बंद असायची की तिला नवऱ्याकडून उघडून घ्यावी लागे. आता झाकण सैल यायला लागलं. नुसतं बोट लावलं की फिरायचं. एकदा तर काढा पिशवीत सांडला आणि वन्संनी झाकणाभोवती फडकं बांधून बाटली आणली. मास्टरबाईला वाटलं, माझ्या हातांसाठी मुद्दाम सैल लावतात, किती विचार करतात माझा! आणि मनातल्या मनात तिला बरंही वाटलं, की ओतायला सोपं झालं.

दुखऱ्या हातांच्या माणसाला झाकण म्हणजे काय ते कळायला हवं. तिला कळायलाच हवं होतं. पण स्वतःच्या हाताला आराम पडला की दुसऱ्याच्या हाताकडे लक्ष जात नाही, हेच खरं.

कारखान्यातली एक जुनी बाई काम सोडून मुलीकडे राहायला जाणार होती. तिच्यासाठी केक आणायचं मास्टरबाईनं आपल्याकडे घेतलं. म्हणाली, "आमच्या वन्संकडून लिहून आणते, बघत राहाल." दुपारच्या सुट्टीत ती बेकरीत गेली. काउंटरवर मालक होता, त्याला तिनं केक सांगितला. आत भट्टीशेजारच्या टेबलावर कुणीतरी नवीनच मुलगी केकवर लिहीत होती. वन्सं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून पुठ्ठ्याच्या पेट्या घडी करत होत्या. पेटीचा कान खाचेत घालायला त्यांची बोटं वळत नव्हती. त्या तळहाताच्या कडेनं दाबत होत्या, आणि तरीही तो सुटून येत होता.

वन्संची पाठ होती. त्यांनी हिला पाहिलं नाही.

"तुम्ही मावशींच्या भावजय ना?" मालकानं आवाज खाली आणला. "बरं झालं आलात. तुम्ही तरी सांगा त्यांना. हात पार गेलेत. मीच दवाखान्यात नेलं होतं, फार दिवस झाले त्याला. डॉक्टर म्हणाले संधिवात आहे, लगेच गोळ्या सुरू करा. पण घेतच नाहीत! म्हणतात, माझ्या भावजयीला हेच होतं, तिनं गोळ्या सोडल्या आणि हात सुधारला. मीही काढाच घेते."

मास्टरबाईला काउंटरची कड धरावी लागली. सहज धरता आली. बोटं छान वळत होती. आपल्या त्या वळणाऱ्या बोटांकडे तिला बघवेना.

"ताई, केकवर काय लिहायचं?" मालकानं विचारलं.

"काही नको," ती म्हणाली, आणि केक न घेताच बाहेर पडली.

त्या दुपारी तिनं कापडाचा अख्खा थर वाकडा कापला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कारखान्याच्या मालकिणीनं "हात दुखतोय का?" एवढंच विचारलं. "हात ठीक आहे," मास्टरबाई म्हणाली, आणि तेच तर तिला खात होतं. हात ठीक होता. मूठ मिटून दाखव गं, उघड आता. त्या प्रत्येक मुठीनं तिनं वन्संना एकेक पाऊल त्या खड्ड्याकडे नेलं होतं. किती वेळा सांगता आलं असतं! बटणं लावणाऱ्या बाईला एक वाक्य खरं सांगायला आपली जीभ का वळली नाही?

संध्याकाळी ती तडक वन्संच्या खोलीवर गेली. पर्समध्ये स्वतःच्या गोळ्यांची पाकिटं होती. वन्सं गॅसपाशी उभ्या होत्या. पातेल्यात काढा उकळत होता. खोलीभर तोच वास.

"ये ये. अगं, आज कशी वाट वाकडी केलीस? बस."

ती बसली नाही. बसली असती तर बोलली नसती.

"वन्सं, मी गोळ्या सोडल्या नव्हत्या."

"कुठल्या?"

"माझ्या. हॉस्पिटलच्या. एकदाही सोडल्या नाहीत. हात त्यांनी सुधारलाय."

वन्सं ढवळत राहिल्या. पळी त्यांनी मुठीत धरली नव्हती, दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरली होती. आता हिला ते दिसत होतं.

"आणि काढा?"

"पहिली बाटली घेतली."

"बाकीच्या?"

"मोरीत ओतल्या."

वन्संनी मनगटानं बटण फिरवून गॅस बंद केला. पातेल्यातलं उकळणं हळूहळू थांबलं.

"कडू होता म्हणून?"

"नाही हो. तुम्ही एवढ्या मायेनं आणायचात. मला नाही म्हणवेना."

"नाही म्हणवेना." वन्संनी ते शब्द तसेच परत उच्चारले. "तुझी बटणं लावली मी. माझ्यासमोर तू उघडी उभी राहिलीस, आणि मला नाही म्हणायला तुला जड गेलं? खाल्लं असतं का गं मी तुला?"

मास्टरबाईनं पाकिटं टेबलावर ठेवली. "वन्सं, उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. या रोजच्या, आणि ही आठवड्याची..."

"मला गुण येत नव्हता," वन्सं मध्येच म्हणाल्या. तिच्याकडे न बघता, पातेल्याकडे बघत. "मी म्हणायचे, पाला तोच, पातेलं तेच, करणारी मीच. हिला लागू पडतो आणि मला नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. कधी वाटायचं, श्रद्धा कमी पडतेय. मग मी दुप्पट घ्यायला लागले. आणि तुझी बाटली मात्र कधी कमी भरली नाही. म्हटलं, हिचा हात चालला पाहिजे, हिला कात्री धरायची असते."

मास्टरबाई उभ्या उभ्या रडायला लागली. या वेळी पाठीत धपाटा आला नाही.

"रागवा ना मला," ती म्हणाली.

"रागवायला अंगात जोर लागतो, पोरी. जा तू आता घरी. तो वाट बघत असेल."

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि भावजय दोघंही त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेले. डॉक्टरीणबाईंनी बोटं एकेक करून पाहिली, फोटो काढायला लावले. मग म्हणाल्या, "जी वाकली ती आता सरळ व्हायची नाहीत. बाकीची वाचवता येतील, पण गोळी नियमानं घ्यायला हवी. आधी सांगितलं होतं ना कुणीतरी? मग एवढे दिवस का थांबलात?"

मास्टरबाईनं तोंड उघडलं. पण वन्संच आधी बोलल्या. "राहून गेलं हो. कामाच्या नादात."

त्यांनी हिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिव्या घातल्या असत्या, चारचौघांत नाव घेतलं असतं, तर परवडलं असतं. परत येताना बसमध्ये मास्टरबाई त्यांच्या शेजारी बसली होती आणि तिला आपला हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

त्यानंतर तिनं वन्संचा ध्यास घेतला. गोळी जेवणानंतर घ्या. आठवड्याची गोळी सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्या, म्हणजे मळमळलं तरी पडून राहता येतं. पाणी भरपूर प्या. सकाळी कोमट पाण्यात हात धरा. पेट्या घडी करू नका, मालकाला मी सांगते. रोज कारखान्यातून सुटली की वाकडी वाट करून वन्संकडे. एकदा तर "माझ्या कारखान्यातल्या एकीच्या आईला अगदी हेच होतं," असं तिच्या तोंडून निघालं आणि ती चटकन थांबली. वन्संनी काही दाखवलं नाही. त्या "हो गं," म्हणायच्या, "बरं," म्हणायच्या, चहा टाकायच्या. पूर्वीसारख्याच बोलायच्या. फक्त "पोरी" म्हणणं कमी झालं होतं. रविवार यायचा, पण बाटली यायची नाही. मोरीतला डाग आता फिकट झाला होता, आणि तो नको तितक्या लवकर चाललाय असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी ती गेली तेव्हा वन्सं बेकरीतून आणलेली बिस्किटं बरणीत भरत होत्या. तिनं स्वतःच्या नकळत सुरू केलं, "या आठवड्याची गोळी घेतलीत ना? पोटाला त्रास नाही ना झाला? सोडू नका हं मध्येच, मी सांगते, हळूहळू..."

"घेतली," वन्सं म्हणाल्या. बिस्किटं रचता रचता, मान वर न करता, अगदी गोड आवाजात. "फरक वाटतोय."

ते दोन शब्द तिच्या ओळखीचे होते. तो आवाज, ती खाली घातलेली मान, समोरच्याचं तोंड मायेनं बंद करणारा तो गोडवा, सगळं तिनंच बेतलेलं होतं. खरंच फरक वाटत असेल, औषध लागू पडायला लागलं असेल, असायलाच हवं. पण नसेल तर? पाकीट उघडून गोळ्या बघाव्यात असं तिच्या मनात आलं. फडताळ हातभर अंतरावर होतं. पण कुठल्या तोंडानं? जिनं स्वतः बाटल्या मोरीत ओतल्या, तिनं दुसऱ्याच्या गोळ्या मोजायच्या?

"खरंच ना, वन्सं?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच लहान वाटला.

वन्संनी मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. केकवर लिहायच्या आधी जागा बघावी तसं.

"आता कसं कळणार गं तुला?" त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

बरणी टेबलावर होती. झाकण नुसतं वर टेकवलेलं, तिरकं. बिस्किटं मऊ पडतील म्हणून मास्टरबाईनं हात पुढे केला आणि सवयीनं फिरवून गच्च लावलं. तिच्या हाताला आता जोर होता. मग तिच्या लक्षात आलं की ती निघून गेल्यावर इथे उघडून द्यायला कुणीच नाही. वन्संची पाठ होती तेवढ्यात तिनं झाकण उलटं फिरवलं आणि होतं तसं, सैल, तिरकं, परत वर ठेवून दिलं.